जैववायू आणि शुद्धाशुद्धतेचा प्रश्न

शेण, विष्ठा, मासळीची आतडी आणि खवले, सडका भाजीपाला किंवा कोळंबीच्या तळ्याच्या बुडाशी साचलेला गाळ हवाबंद टाकीत पाण्याबरोबर कुजू दिला, की त्यातून पेट घेणारा वायू निघतो. पुस्तकात त्याला जैववायू म्हणतात. महाराष्ट्रातल्या खेड्यांत तो ‘गोबर गॅस’ याच नावाने ओळखला जातो, मग टाकीत गोबर असो वा नसो. त्यात साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन आणि ३५ ते ४० टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. हायड्रोजन सल्फाइड अगदी थोडा असतो, पण कुजक्या अंड्यासारखी दुर्गंधी येते ती त्याचीच. मिथेनला स्वतःचा वास नाही. तो कोणत्याही टाकीतून आला तरी एका कार्बनला चार हायड्रोजन अशीच त्याची घडण असते, आणि जळताना त्याचा कार्बन डायऑक्साइड व पाणीच होते.

असे असूनही शेणाच्या गॅसवर शिजलेला भात नैवेद्याला चालतो आणि संडास जोडलेल्या टाकीच्या गॅसवर शिजलेल्या भाताचा विषय निघाला की पंगतीतले बोलणे थांबते. या संकोचामागे जुना आणि गंभीर प्रश्न आहे. धर्माने जे द्रव्य अशुद्ध ठरवले, त्याचे रूप पुरते पालटल्यावर ती अशुद्धता कुठे जाते? द्रव्याबरोबर संपते, नव्या रूपात उतरते, की ते द्रव्य हाताळणाऱ्याला चिकटून राहते?

धर्मशास्त्रात द्रव्यशुद्धी हा स्वतंत्र विषय आहे. कोणती वस्तू कशाने शुद्ध होते, याची तपशीलवार यादीच स्मृतींत आढळते: धातूची भांडी राख, आम्ल आणि पाण्याने, मातीचे भांडे पुन्हा भाजल्याने. जमीन शुद्ध करण्याचे पाच मार्ग मनुस्मृतीने सांगितले आहेत. झाडणे, सारवणे, शिंपडणे, खरवडणे आणि त्या जागी गाई राहू देणे. यांतली शेवटची गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. गाय जिथे राहील तिथे शेण-मूत पडणारच, आणि इथे नेमके तेच शुद्धीचे साधन मानले आहे. पंचगव्यात दूध, दही, तुपाच्या जोडीला गोमूत्र आणि गोमय येतात. महाभारताच्या अनुशासनपर्वात लक्ष्मी गाईंकडे राहायला जागा मागते आणि गाई तिला आपल्या शेणामुतात जागा देतात, अशी कथा आहे. दाराशी सडा, ओटीवर सारवण, होळीला गोवऱ्या, दिवाळीत शेणाचा गोवर्धन या सगळ्या रूढी त्याच धारणेतल्या.

माणसाच्या मलाची गोष्ट वेगळी. मनुस्मृती माणसाच्या शरीराचे बारा मल मोजते आणि त्यांत मूत्र व विष्ठा येतात. पुन्हा भाजल्याने मातीचे भांडे शुद्ध होते असे सांगून झाल्यावर लगेच पुढे अपवाद जोडलेला आहे: मद्य, मूत्र, विष्ठा, थुंकी, पू किंवा रक्त लागलेले मातीचे भांडे पुन्हा भाजूनही शुद्ध होत नाही. म्हणजे अग्नी पावन करणारा खरा, पण त्याच्या पावनत्वालाही शास्त्रकारांनी मर्यादा घातली. याहून पुढे जाऊन काही स्मृतिवचने अग्नीचाच उगम पाहायला सांगतात. चितेचा, अमेध्य ठिकाणचा, सोयरातला, पतिताचा आणि चांडाळाच्या घरचा अग्नी शिष्टांनी घेऊ नये, असे ते वचन आहे. या यादीत चिता आणि उकिरडा यांच्या शेजारी जिवंत माणसांची घरे बसवलेली आहेत. द्रव्याच्या अशुद्धतेचा विचार माणसाच्या अशुद्धतेवर कधी घसरतो ते इथे स्पष्ट दिसते, आणि जैववायूच्या प्रश्नाचे मूळही याच जागी आहे.

तत्त्वज्ञानाच्या बाजूने पाहिले तर हा कार्यकारणाचा वाद ठरतो. सांख्य सत्कार्यवादी आहेत: कार्य कारणात आधीच सुप्त असते, तेल तिळात असावे तसे. हे मान्य केले तर वायू शेणातच होता, मैल्याचा वायूही मैल्यातच होता, आणि कारणातले दोष कार्यात उतरतात असे म्हणायला वाव राहतो. न्याय-वैशेषिकांचे मत उलट आहे. कार्य ही नवी उत्पत्ती. ती आधी नव्हती. त्यातही वैशेषिकांचा पीलुपाकवाद इथे फार उपयोगी पडतो. कच्चा घडा भट्टीत जातो तेव्हा त्याचे परमाणू सुटे होतात, त्या सुट्या परमाणूंत तेजाच्या संयोगाने नवे गुण येतात आणि मग त्यांचा नवा घडा बनतो, असे त्यांचे म्हणणे. नैयायिकांना हे पटले नाही. घडा न मोडता आहे तसाच पालटतो, असा पिठरपाकवाद त्यांनी मांडला. वैशेषिक गंध हा पृथ्वीचा गुण मानतात. वायूला गंध नसतो, तो वाहून आणतो तो पृथ्वीच्या कणांचा. या चौकटीतला विद्वान जैववायूच्या टाकीपुढे उभा राहिला, तर दुर्गंधी आहे तोवर मूळ द्रव्याचा अंश आहे असा निर्णय त्याने दिला असता.

टाकीत जे प्रत्यक्ष घडते ते घड्याच्या पहिल्या स्पष्टीकरणाला जवळचे आहे. एका गटाचे जिवाणू पिष्ट, मेद आणि प्रथिने फोडून त्यांचे विरघळणारे तुकडे करतात. दुसरे त्या तुकड्यांची आम्ले बनवतात. तिसरे त्या आम्लांपासून ॲसेटिक आम्ल, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड करतात. आणि शेवटी मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव आपले काम करतात. हे शेवटचे जीव जिवाणूंमध्ये मोडत नाहीत. १९७७ साली कार्ल वूझ यांनी त्यांची वेगळी शाखा दाखवून दिली, आणि आता त्यांना आर्किया म्हणतात. गाईच्या पोटातही तेच असतात, म्हणून नवी टाकी चालू करताना शेणाचे विरजण घालावे लागते. या चार टप्प्यांत मूळ रेणू शाबूत राहत नाही. राहतो तो अणूंचा हिशोब, आणि अणूंच्या हिशोबाने पाहिले तर जगातले कोणतेच अन्न कधी ना कधी कुणाच्या पोटातून गेल्यावाचून ताटात आलेले नाही.

इस्लामी धर्मशास्त्राने हा प्रश्न फार नेमकेपणाने हाताळला आहे. नजिस म्हणजे अपवित्र वस्तूचे मूळ स्वरूपच पालटले तर ती पवित्र होते का, या चर्चेला तिथे इस्तिहाला म्हणतात. शेण जळून राख झाले, गाढव मिठागरात पडून त्याचे मीठ झाले, अशी उदाहरणे हनफी पंथाच्या ग्रंथांत येतात. हनफी आचार्य इमाम मुहंमद यांच्या मते रूप पालटले की हुकूमही पालटतो. इमाम अबू यूसुफ यांना ते मान्य नव्हते. हनफी परंपरेत पुढे मुहंमद यांचे मत प्रमाण ठरले, शाफिई पंथ मात्र याबाबत बराच कडक राहिला. दारूचा आपोआप सिरका झाला तर तो शुद्ध, यावर मात्र सगळ्यांचे एकमत आहे. १९७८ साली सौदी अरेबियातल्या ज्येष्ठ उलेमांच्या मंडळाने पुरेसे शुद्ध केलेले सांडपाणी वापरायला परवानगी दिली. पाण्याचा रंग, चव आणि वास यांत अशुद्धतेची खूण उरता कामा नये, ही त्यामागची कसोटी होती. वैशेषिकांचा गंध आणि उलेमांचा वास यांची इथे गाठ पडते. दोन्हीकडे इंद्रियांना साक्षीला बोलावले आहे, आणि ते शहाणपणाचे आहे, कारण जंतू दिसत नाहीत पण सडण्याची घाण नाकाला कळते.

मासळीच्या टाकावाने प्रश्नाला दुसरे अंग येते: हिंसेचे. पण आधी हा टाकाव येतो कुठून ते पाहू. तळ्यातल्या माशांना जे खाद्य दिले जाते, त्यातल्या नायट्रोजनपैकी जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा माशांच्या अंगी लागतो. बाकीचा पाण्यात आणि तळाच्या गाळात जातो. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत खाऱ्या पाण्यातल्या कोळंबी-प्रकल्पांत पीक काढल्यावर हा काळा गाळ उपसावा लागतो. तो खाडीत सोडला तर खाडी नासते. टाकीत असा टाकाव घातला तर दोन अडचणी. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असते. त्यावर जगणारे जिवाणू मिथेनवाल्यांचे अन्न पळवतात आणि हायड्रोजन सल्फाइड वाढवतात. शिवाय मासळीच्या आतड्यांत प्रथिने भरपूर, त्यामुळे अमोनिया साचतो आणि टाकी बंद पडते. कार्बन आणि नायट्रोजनचे प्रमाण वीस ते तीसास एक असावे लागते. गाईच्या शेणात ते जवळपास तेवढे असते, माणसाच्या मैल्यात दहाच्याही खाली. म्हणून मासळीचा टाकाव असो वा मैला, शेण, पेंढा किंवा पालापाचोळा मिसळल्याशिवाय टाकी नीट चालत नाही.

माळकऱ्याच्या घरातल्या शेगडीला असा गॅस चालेल का? माळेचे पथ्य खाण्याचे आहे, आणि शेगडीच्या ज्योतीतून मासळीचे काहीच भाताच्या पातेल्यात जात नाही. जीव मारण्याचे पाप म्हणावे, तर मासा टाकावासाठी मारलेला नाही. बौद्ध विनयात भिक्षूसाठी असाच विवेक केलेला आढळतो: आपल्यासाठी मारल्याचे पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली तरच ते मांस निषिद्ध. जैन विचार त्याहून सूक्ष्म जातो. करणे, करवणे आणि अनुमोदन देणे या तिन्हींत हिंसेचा वाटा आहे, असे तो सांगतो. या कसोटीवर घरगुती टाकी सुटते, कारखाना मात्र सहज सुटत नाही. रोज ठरावीक टन टाकाव लागणारा प्रकल्प उभा राहिला की टाकाव हा टाकाव राहत नाही, तो कच्चा माल होतो. त्याला भाव येतो, त्याचा करार होतो, आणि कत्तलखाना किंवा मत्स्यशेती यांच्या जमाखर्चात तो उत्पन्न म्हणून चढतो. अनुमोदन तिथून सुरू होते. शेणालाही हे लागू आहे, फक्त शेणासाठी कोणी गाय मारत नाही.

उलट बाजूने, चुलीतली हिंसा परंपरेने कधीच नाकारलेली नाही. गृहस्थाच्या घरी नकळत जीव मरण्याच्या पाच जागा, म्हणजे पंचसूना, मनुस्मृतीत सांगितल्या आहेत आणि त्यांत चूल पहिली आहे. तिच्या प्रायश्चित्तासाठी पंचमहायज्ञ. लाकडातले किडे-मुंग्या आणि धुराने चुलीपुढच्या बाईच्या छातीत भरणारी काजळी यांचा हिशोब मांडला तर गॅसची निळी ज्योत कमी हिंसक आहे, हे कोणत्याही पंथाच्या भाषेत सांगता येते. स्मृतिकारांनी मात्र बाईचा खोकला त्या पाचांत धरलेला नाही.

निर्माल्याचा प्रश्न याच्या अगदी उलटा. तिथे अपवित्र वस्तू पवित्र कामाला लावायची नसून पवित्र वस्तू कुजवायची असते. निर्माल्य पायदळी येऊ नये, म्हणून ते वाहत्या पाण्यात सोडण्याची चाल पडली. गणेशोत्सवात नदीकाठी ठेवल्या जाणाऱ्या निर्माल्य-कलशांनी ती चाल बरीच मोडली आहे, आणि त्या फुलांचे खत करण्याला फारसा विरोध झाला नाही. फुले आणि दूर्वा कुजतात लवकर. अडचण दोऱ्याची आणि प्लास्टिकची आहे, धर्माची नाही.

मालकीचा प्रश्न मात्र धर्माचाच आहे, जरी तो त्या नावाने क्वचित विचारला जातो. दोन घनमीटरच्या घरगुती संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते, म्हणजे दावणीला चार-पाच जनावरे हवीत. पाच-सहा माणसांचा स्वयंपाक त्यावर होतो. ज्याच्याकडे एक शेळी आहे किंवा तीही नाही, त्याला या यंत्राचा उपयोग नाही. पूर्वी रस्त्यावर आणि गायरानात पडलेले शेण कोणाचेही होते. भूमिहीन घरातल्या बाया ते वेचून गोवऱ्या थापत, जाळत आणि विकत. शेणाला किंमत आली तसा गोठ्याचा मालक ते सोडेनासा झाला. गोबर गॅसवर ही टीका १९७० च्या दशकापासून होत आली आहे आणि तिला समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. सार्वजनिक टाक्या बांधून पाहिल्या गेल्या. शेण कोणी किती घातले आणि गॅस कोणी किती जाळला यावरून त्यांतल्या बऱ्याच बंद पडल्या. २०१८ साली केंद्र सरकारने ‘गोबरधन’ आणि ‘सतत’ या योजना आणल्या. त्यांचा भर मोठ्या प्रकल्पांवर आणि वाहनांसाठी दाबाखाली भरलेल्या वायूवर आहे. तिथे तर शेण सरळ बाजारातली वस्तू होते.

गंमत अशी की हिंदुस्थानातल्या या तंत्राची सर्वांत जुनी म्हणून सांगितली जाणारी कहाणी शेणाची नव्हेच. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्याच्या टाकीतला वायू साठवून वापरला गेला. ज्यांना शिवायला समाजाने नकार दिला, त्यांच्या मैल्यावर हा पहिला दिवा लागला, आणि शुद्धाशुद्धतेची चर्चा तिथे झाल्याचे दिसत नाही. अस्पृश्यांच्या वस्तीत कोण विटाळणार होते? पुढे १९३० च्या दशकाच्या अखेरीस दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत शेणावर प्रयोग झाले, १९५० च्या दशकात जशभाई पटेलांनी तरंगत्या पिंपाचे संयंत्र बनवले, आणि खादी ग्रामोद्योग आयोगाने ते देशभर नेले. तंत्र गोठ्यात आल्यावरच ते प्रतिष्ठित झाले.

मैल्याचा प्रश्न पुन्हा उघडला तो कोकणात. सीताराम पुरुषोत्तम तथा अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करण्याची परवानगी मागितली. उच्चवर्णीय कैद्याला ते काम देता येत नाही, असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी अन्न सोडले. त्या डिसेंबरात येरवड्याच्या तुरुंगात गांधींनीही त्यांच्यासाठी उपोषण आरंभले. पुढे कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात अप्पांनी सोप्या संडासांचे, मैल्याच्या खताचे आणि मेलेल्या जनावरांचे कातडे सोडवण्याचे काम उभे केले. त्यांच्या कामातला मुद्दा असा दिसतो: मैला अशुद्ध आहे की नाही यावर वाद घालत बसण्याऐवजी तो माणसाच्या हाताखालून जाणार नाही अशी रचना करावी, आणि तोवर तो आपल्याच हाताने उचलावा. द्रव्यशुद्धीच्या हजारो वर्षांच्या चर्चेला हे उत्तर पुरेसे आहे, कारण त्या चर्चेत उचलणाऱ्याचा विचार कधी झालाच नव्हता.

तुकोबांच्या देहूत हीच वाट डॉ. एस. व्ही. मापुसकर यांनी पुढे नेली. वैद्यकीय अधिकारी म्हणून आलेल्या या डॉक्टरांनी जंत आणि हगवणीचे मूळ उघड्यावरच्या शौचात पाहिले. अप्पांच्या कल्पनेवरून त्यांनी संडास जोडलेल्या ‘मलप्रभा’ संयंत्राला आकार दिला. मरणोत्तर, २०१७ साली, त्यांना पद्मश्री मिळाली. अशा संयंत्रात मैला संडासातून थेट टाकीत उतरतो, कोणी त्याला शिवत नाही. एका माणसाच्या रोजच्या मैल्यातून साधारण २५ ते ३० लिटर वायू मिळतो. म्हणजे एका कुटुंबाचा सगळा स्वयंपाक त्यावर होत नाही. चहा, दूध आणि थोडेफार होते. म्हणून शेण किंवा खरकटे मिसळावे लागते, आणि एका टाकीत गाईचे व माणसाचे दोन्ही एक झाल्यावर शास्त्राने केलेला भेद वायूत कोणाला शोधता येत नाही.

भेद उरतो तो टाकीच्या बाहेर. शेणाची टाकी भरण्याचे काम घरातलीच बाई करते. भरण-टाकीत शेण आणि पाणी समसमान घेऊन ती हाताने काला करते, पेंढ्याच्या काड्या आणि खडे बोटांनी वेचून काढते, मग बूच उघडून काला आत सोडते आणि हात धुऊन भाकरी थापायला बसते. यात कोणाला विटाळ दिसत नाही. काला आत जातो तेवढीच स्लरी दुसऱ्या तोंडाने बाहेर पडते आणि शेतात जाते. पण वाळू आणि माती तळाशी बसत राहते, वर साय धरते, आणि काही वर्षांनी टाकी रिकामी करून साफ करावी लागते. त्या वेळी आत उरलेला हायड्रोजन सल्फाइड काही क्षणांत माणूस पाडतो, आणि प्राणवायू तर टाकीत नसतोच. झाकण काढून टाकी कित्येक दिवस उघडी ठेवणे, पंख्याने हवा खेळवणे, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधणे आणि वर माणूस उभा करणे ही त्यावरची साधी काळजी. मैल्याच्या टाक्या आणि गटारे यांत संरक्षणाच्या साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही माणसे उतरवली जातात आणि मरतात, आणि ती बहुतेक त्याच जातींची असतात ज्यांच्या घरचा अग्नी घेऊ नये असे जुन्या वचनात सांगितले होते. वाळू गाळण्याची चाळणी भरण-टाकीच्या तोंडाशी बसवली, तर टाकी साफ करण्याची पाळी बरीच वर्षे लांबते. पंप लावून तळाचा गाळ बाहेरूनच उपसता येतो. दोन्हींचा खर्च टाकीच्या एकूण खर्चापुढे थोडा आहे.